दोन इंच माया

पत्रक आलं तेव्हा सावकाश म्हणतात त्या चालकाची पँट टाचणीबाईच्या मांडीवर उसवलेली पडली होती. मागची मधली शिवण कमरेपासून खालपर्यंत उलगडून झाली होती, दोऱ्याचे तुकडे तिच्या गुडघ्यांवर, चपलांवर, फरशीवर सांडले होते, आणि ओठांत एक टाचणी धरून ती कापडाची आतली कड बोटांनी चाचपत होती. कार्यालयातली निरोप आणणारी बाई आत आली, मशीनच्या फळीवर कागद ठेवला, सगळ्या विभागांना आहे म्हणाली आणि गेली. टाचणीबाईनं मान न वळवता एका डोळ्यानं कागद वाचला, मग पँट बाजूला ठेवून दोन्ही डोळ्यांनी वाचला. आजपासून शिवणखोलीत कोणाचाही गणवेश सैल करून दिला जाणार नाही. वाढत्या वजनाकडे डोळेझाक करणं ही सहकाऱ्यांवर केलेली दया नसून त्यांच्या प्रकृतीची हेळसांड आहे. ज्या चालकाला गणवेश नीट बसणार नाही त्याला तो बसेपर्यंत आवारातलं काम देण्यात येईल. खाली साहेबांची सही, आणि सहीखाली शाईनं, त्यांच्याच बारीक अक्षरात: बाई, तुमचं सहकार्य मोलाचं आहे.

मोलाचं या शब्दापाशी ती जरा अडखळली. तेवीस वर्षांत तिला कोणी कागदावर काही लिहिलं नव्हतं. बस कंपनीच्या या डेपोत शिवणखोली म्हणजे टायरांचं गोदाम आणि चालकांची विश्रांतीची खोली यांच्या मधली एक चिंचोळी जागा होती. दोन मशिनं, त्यातलं एक दुसऱ्याला सुटे भाग पुरवण्यासाठी ठेवलेलं, एक इस्त्री, एक पडदा, आणि पडद्यामागं एक आरसा ज्यात फार कोणी बघत नसे. ती उंच, सडपातळ, आणि तोंडात कायम एखादी टाचणी, म्हणून कोणीतरी तिला टाचणीबाई म्हणायला लागलं आणि मग तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. ओठ मिटलेले असल्यामुळे ती बहुतेक वेळा नाकातून हं म्हणायची. एवढ्या एका हंकाराशी शेदीडशे माणसं वर्षानुवर्षं आपलं सुखदुःख बोलत आली होती. जिला उत्तर देता येत नाही अशा बाईशी बोलायला माणसाला बरं वाटत असावं.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात, हे तिला आईनं शिकवलं होतं. कंपनीच्या नियमात अर्धा इंच माया पुरेशी धरलेली होती. ती दोन इंच ठेवायची. पहिल्या वर्षातच तिच्या लक्षात आलं होतं की पंचविशीत ऐटीत पट्टा आवळून चाकामागं बसलेला पोरगा तिशी ओलांडली की दाराशी घुटमळणार आहे, आणि बाई, जरा धुण्यात आटलीय वाटतं, असं म्हणणार आहे. ती हं म्हणायची. धुण्यात आटली, इस्त्रीत आवळली, मुळातच कापड हलकं आलंय, अशी शंभर कारणं तिनं ऐकली होती आणि सगळ्यांना मान्यता दिली होती. तिला माणसं आतल्या बाजूनं माहीत होती. कोणाची पँट बसण्याच्या जागी आरशासारखी चकाकायला लागलीय, कोणाच्या खिशाच्या तळाशी बिस्किटांचा चुरा आहे, कोणाच्या खिशात गोळ्यांची रिकामी पाकिटं, कोणाचा सदरा पोटापाशी घट्ट आणि खांद्यांत मात्र उतरलेला. एक वाहकबाई बाळंतपणानंतर आली होती आणि माप देताना तिचे डोळे भरून आले होते. एक चालक बायकोच्या आजारपणात सहा महिन्यांत दोनदा आला. सकाळी थोडी आणि दुपारनंतर थोडी अशी दोन तुकड्यांची ड्यूटी लागली की माणूस वर्षाच्या आत तिच्या दाराशी येतो, हे तर तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं कोणाला सांगितलं नाही. उसवायचं, सैल करायचं, इस्त्री फिरवायची. शिवणीची जुनी खूण दिसू नये म्हणून ती त्या रेघेवर ओलं फडकं ठेवून इतकी हळुवार इस्त्री दाबायची की आपण काही झाकतोय हे तिचं तिलाही जाणवत नसे.

नवे साहेब वाईट नव्हते. आले तेव्हापासून त्यांनी डेपोचा कायापालट करायचं मनावर घेतलं होतं. स्वतः रोज सकाळी धावायचे. आल्या आल्या त्यांनी फाटकाशी वजनाचं मोठं यंत्र बसवलं, त्याच्या मागच्या भिंतीवर तक्ता लावला आणि दर महिन्याला ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरेल त्याला पूर्ण दिवसाची पगारी सुट्टी जाहीर केली. पहिल्या महिन्यात मजा आली. दुसऱ्या महिन्यात ज्यांची वजनं बरी होती तेवढेच यंत्रावर चढायला लागले. तिसऱ्या महिन्यापासून बाकीचे मागच्या फाटकानं आत यायला लागले, जिथून टायर यायचे. सावकाश मागच्या फाटकानं येणाऱ्यांत पहिला होता, आणि त्या फाटकाची वाट शिवणखोलीच्या दारावरून जात असल्यामुळे टाचणीबाईला ते रोज दिसत होतं. एवढा मोठा माणूस भिंतीच्या कडेकडेनं चालायचा, वाटेत येऊ नये म्हणून.

सावकाश हे त्याला गाडीतल्या म्हाताऱ्यांनी ठेवलेलं नाव. आठ नंबरची गाडी तो अशी थांबवायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये. बावन्न वर्षांचा, अंगानं प्रचंड, आवाज मात्र लहान मुलाला झोपवताना काढतात तसा. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती, मुलगी लग्न होऊन लांब होती. त्याची पँट ती चार वर्षांत तीनदा सैल करून झाली होती आणि आता कडेला हात लावताच तिला कळलं होतं की आत काही उरलेलं नाही. जे होतं ते सगळं बाहेर आलं होतं. आता सैल करायची तर वेगळं कापड आणून मध्ये कळी घालावी लागणार, आणि कळी कितीही मन लावून घातली तरी दिसते.

तो अकराच्या सुमाराला आला. सकाळच्या तुकड्याची ड्यूटी संपलेली, दुपारच्या तुकड्याला पाच तास बाकी. त्यानं पत्रक वाचलं होतं, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. पडद्याशी उभा राहून, इस्त्रीकडे बघत तो म्हणाला, साहेबांचं काही चुकलेलं नाही. ती हं म्हणाली नाही. मग तो त्या मऊ आवाजात म्हणाला, "परत शिवून टाका, बाई. होती तशीच. उलट थोडी घट्टच करा. म्हणजे माझ्या लक्षात राहील."

तिच्या ओठांतली टाचणी खाली पडली. फरशीवर ती पडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला, आणि तो एवढा थोरला माणूस तिला वाकायला लागू नये म्हणून स्वतः वाकायला गेला आणि अर्ध्यात थांबला. अंगावरच्या दुसऱ्या पँटनं त्याला पुढं वाकू दिलं नाही. राहू द्या, राहू द्या, असं म्हणत तिनं टाचणी उचलली, आणि उठेपर्यंत ती त्या खोलीत नव्हती. ती चौदा वर्षांची होती, आणि आई खिडकीशी उभी राहून तिला म्हणत होती, थोडा घट्टच शीव, म्हणजे तिच्या लक्षात राहील.

तिच्या घरात दोघी बहिणी, थोरली आणि ती, बारकी. थोरली सतरा वर्षांची, गोरीपान, हसली की खोली भरून जायची, आणि अंगानं तेव्हापासूनच भरलेली. बारकीचा हात शिवणात असा बसला होता की आईनं स्वतःचं मशीन तिला सोपवलं होतं. चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा थोरलीसाठी निळं कापड आलं. फ्रॉक शिवायचा होता. थोरलीनं माप दिलं, हात वर करून, डोळे मिटून, गुणगुणत. गुदगुल्या होतात म्हणून ती मधूनमधून हसत होती, आणि बारकीनं माप कागदावर लिहिलं, आणि मग आई खिडकीशी येऊन ते बोलली. बारकीनं दीड इंच कमी केला. आतली मायाही कापून टाकली, म्हणजे पुन्हा कोणी सैल करायला जाऊ नये. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट आईनं आपल्याला विश्वासात घेतलं याचा एक फाजील आनंद झाला होता. कातरीखालून निळ्या पट्ट्या सुटून पडत होत्या, त्यांचा तो सरसर आवाज तिला अजून आठवत होता. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत थोरली कोणाच्या तरी लेकराला उचलायला वाकली आणि पाठीवरची शिवण मानेपासून कमरेपर्यंत गेली. कोणी मोठ्यानं हसलं नाही. थोरलीनं लेकराला खाली ठेवलं, मागं मागं सरत भिंतीला पाठ लावली आणि एका खुर्चीवर बसली, ती शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उठली नाही. लोक तिला जेवायला बोलवायला येत होते आणि ती हसून भूक नाही म्हणत होती. बारकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून ते बघत होती. दोघींची एकदा नजरानजर झाली, आणि थोरली तिच्याकडे बघूनही हसली होती, तसंच, सगळ्यांकडे बघून हसत होती तसं.

आणि तरीही त्या मंगळवारी टाचणीबाईनं सावकाशची पँट होती तशी शिवून टाकली. उद्या या, असं त्याला सांगून पाठवलं आणि दुपारभर ती पँट मांडीवर घेऊन बसली. कळी घालण्यापुरतं कापड कपाटात होतं, तिनं ते काढून जुळवूनही पाहिलं. पण पत्रकावर सही होती, तो स्वतः घट्ट कर म्हणाला होता, आणि तिची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. मशीनचं पायडल दाबताना तिला वाटत राहिलं की हे आपले पाय नव्हेत, ते त्या चौदा वर्षांच्या मुलीचे आहेत. बुधवारी सकाळी तो पँट घेऊन गेला. बटण लावताना पडद्यामागून त्याच्या श्वासाचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आला नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा लाल झाला होता. झकास, असं म्हणून तो हळूच चालत गेला. बसताना काय होणार हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी विश्रांतीच्या खोलीतून एकदम कुजबुज सुरू झाली आणि मग त्याच्या गाडीवरची वाहकबाई शिवणखोलीत येऊन मटकन खाली बसली. तिनं सांगितलं ते असं, की सावकाशनं तीन दिवस ड्यूटीवर काही खाल्लं नव्हतं. चहासुद्धा बिनसाखरेचा, तोही अर्धा. आज चढावरचं वळण घेतल्यावर त्यानं गाडी एकदम बाजूला घेतली, पण एकदम म्हणजे तरी त्याच्या पद्धतीनं, एकही माणूस हलला नाही. हातब्रेक ओढला, दिवे लावले, आणि मग चाकावर डोकं टेकवून बसला. तिला वाटलं काही शोधतोय. जवळ गेली तर घामानं निथळत होता आणि पँटचं बटण उघडं होतं, आणि ते तिला दिसू नये म्हणून तो एका हातानं सदरा ओढत होता. गाडीतल्या एका म्हातारीनं पिशवीतलं संत्रं सोलून त्याला फोड फोड भरवलं. वीस मिनिटांनी त्याला बरं वाटलं, पण गाडी दुसऱ्या चालकानं परत आणली. "त्या अवस्थेत माझ्याकडे बघून काय म्हणाले माहिताय?" वाहकबाई म्हणाली. "म्हणाले, टाचणीबाईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

शनिवारी त्याला चाकावरून उतरवलं, डॉक्टरांकडे पाठवलं आणि आवारात गाड्यांच्या काचा पुसायला लावलं. डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितलं, बरीच जुनी असावी असंही म्हणाले. टाचणीबाईला खिडकीतून तो दिसत होता. काचा पुसायच्या कामातही तो रमला होता, एकेका काचेवरून फडकं असा फिरवत होता की जणू पलीकडे कोणी झोपलेलं आहे. घरी नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालं, आणि दोनदा ती हं म्हणाली, आणि नवरा पुन्हा रेडिओकडे वळला, कारण त्यालाही त्या हंकाराची सवय झाली होती.

रविवारी दुपारी ती थोरलीकडे गेली. थोरली आता एकसष्ट वर्षांची, दोन खोल्यांत एकटी राहायची आणि एका छापखान्याची मुद्रितं घरी बसून तपासायची. मध्यंतरी छापखान्यानं तिला कार्यालयात येऊन सगळा तपासणी विभाग सांभाळा म्हणून विचारलं होतं. तिनं नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, जिने फार आहेत. टाचणीबाईनं पुढं विचारलं नव्हतं. तिच्या घरातल्या खुर्चीला हात नव्हते, दार रुंद होतं, आरसा फक्त चेहऱ्यापुरता होता, आणि तिचे सगळे कपडे गेली चाळीस वर्षं बारकी शिवत आली होती, चार चार इंच माया ठेवून. थोरलीनं एकदाही म्हटलं नव्हतं की एवढी कशाला.

लाल पेन कानावर खोचून थोरली कागद वाचत होती. टाचणीबाई समोर बसली आणि तिनं आधी डेपोचं सांगितलं, पत्रक, पँट, शुक्रवार. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तिनं खाली मान घालून निळ्या फ्रॉकचं सांगितलं, माप, दीड इंच, आई खिडकीशी, कापून टाकलेल्या पट्ट्या, सगळं. चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत, याचंच तिला नवल वाटलं.

थोरलीनं पेन खाली ठेवलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं, बारके. तुझी शिवण कधी गेलीय? तुझ्या हातचे पडदे अजून टिकलेत, आणि फ्रॉक जेवणाआधी फाटला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू चौदा वर्षांची होतीस. आणि आईला वाटत होतं की ती माझं भलं करतेय. भलं करणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही." मग अगदी साध्या आवाजात, एखादी चूक दाखवावी तशी, ती म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा चोरून खाल्लं. स्वयंपाकघराचं दार लावून, उभ्यानं. त्याच्याआधी मी जे खायचे ते सगळ्यांसमोर खायचे."

टाचणीबाईला रडू आलं ते आवाज न करता. थोरलीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा हात जड होता, ऊबदार होता, आणि लहानपणी थंडीत बारकी तिच्याच कुशीत घुसून झोपायची ते तिला आठवलं. तेव्हा या अंगाइतकी सुरक्षित जागा जगात नव्हती, आणि त्याच अंगावरून आपण दीड इंच कापला. थोरलीनं विचारलं, आता काय करणारेस. ती म्हणाली, मी काय करणार, मी शिवणारी बाई. थोरली म्हणाली, मग शिवणारी बाई म्हणूनच जा ना, साहेबांना कापडातलं काय कळतंय.

सोमवारी ती गेली. साहेबांच्या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. साहेब उठून उभे राहिले, बसा म्हणाले, ती बसली नाही. दारातच तिनं ओठांतली टाचणी काढून पदराला लावून टाकली होती, आणि ओठ मोकळे असल्यामुळे तिला आपण उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं. ती म्हणाली की सावकाशची पँट तिनं घट्ट शिवली, मुद्दाम, आणि ते चुकलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी टेबलावरची एक फाईल सरळ केली, पुन्हा तिरपी केली, आणि म्हणाले, "माझे वडील चालक होते, बाई. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गेले. हृदय. त्यांच्याही डेपोत एक शिवणारा होता. दर वर्षी निमूटपणे पँट सैल करून द्यायचा. एका माणसानं, एकदा तरी, त्यांना काही विचारलं असतं तर..."

तिला वाटलं होतं ती साहेबांना काही सांगायला आली आहे, आणि इथं तिचंच माप निघालं होतं. ओलं फडकं आणि हळुवार इस्त्री आणि पुसून टाकलेल्या रेघा. तिनं तेवीस वर्षं माणसांची लाज राखली होती आणि ती राखता राखता त्यांना जे विचारायला हवं होतं तेही राखून ठेवलं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मीही गप्प बसले. आता विचारते, पण तुम्हाला विचारते. या माणसांनी जेवायचं कधी?"

साहेब म्हणाले, वेळापत्रकात विश्रांती दिलेली आहे. त्यांनी वेळापत्रक काढलं, बोट फिरवत गेले, आठ नंबरपाशी थांबले. शेवटच्या थांब्यावर नऊ मिनिटं होती. तिनं त्यांना सांगितलं की त्या नऊ मिनिटांत स्वच्छतागृह शोधायचं असतं, आणि तिथलं कुलूपबंद असतं म्हणून ते पाणी पीत नाहीत. तहान लागली की गोड गोळ्या चघळतात, त्यांचे कागद खिशात सापडतात. दोन तुकड्यांच्या ड्यूटीत मधले पाच तास विश्रांतीच्या खोलीत काढायचे आणि तिथं मिळतात त्या गोड पाव आणि तळलेल्या वस्तू. कोणाला कधीपासून कुठली ड्यूटी लागली हे मला कपड्यावरून सांगता येतं, असं ती म्हणाली, नावं मात्र विचारू नका. साहेबांनी नावं विचारली नाहीत. मी बघतो, एवढंच म्हणाले, आणि ती परत आली ती असं समजून की संपलं. मी बघतो हे शब्द तिनं याआधीच्या चार साहेबांकडून ऐकले होते.

पण बुधवारी पहाटे पाच दहाच्या आठ नंबरच्या गाडीत साहेब चढले. सोबत सावकाशला घेतलं होतं, चालवायला नाही, शेजारी बसायला. गाडी दुसरा चालवत होता. पुढचं सगळं सावकाशनंच तिला नंतर सांगितलं, आणि सांगताना साहेबांची जराही टर उडवली नाही. शेवटच्या थांब्यावर साहेब उतरून स्वच्छतागृहाकडे गेले आणि कुलूप बघून परत आले. दुसऱ्या फेरीला पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला सावकाशनं त्यांना मागच्या भिंतीचा आडोसा दाखवला, तर ते कानकोंडे झाले आणि जाऊन आले. वाहकबाई कशी निभावते, असं मग त्यांनी विचारलं, आणि ती दिवसभर पाणीच पीत नाही हे त्यांना कळलं. दुपारी त्यांनी कार्यालयात न जाता विश्रांतीच्या खोलीत पाच तास काढले. घरी जाऊन येता येतं का म्हणून त्यांनी प्रत्येकाला त्याचं घर कुठं आहे ते विचारलं. त्यांनी डबा आणला नव्हता. चार वाजेपर्यंत तीन गोड पाव खाऊन झाले होते. "आणि चौथ्याकडे बघत होते," सावकाश म्हणाला. "मीच म्हटलं, साहेब, नका. मला माहितीये तो रस्ता कुठं जातो."

संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत साहेब त्याला त्यांच्या वडिलांबद्दल विचारत होते, म्हणजे वडिलांबद्दल नव्हे, तर चाकामागं बसून माणसाला दिवसभर काय काय वाटतं असं. सावकाशनं त्यांना जे होतं ते सांगितलं. बायको होती तेव्हा डबा असायचा. ती गेल्यावर रिकाम्या घरात शिजवावंसं वाटत नाही, आणि गोड पाव गरम असतो. एवढंच.

महिनाभरात जे झालं ते फार मोठं नव्हतं. शेवटच्या थांब्याच्या कुलपाची किल्ली प्रत्येक वाहकाकडे आली. नऊ मिनिटांची पंचवीस झाली, त्यासाठी एक जास्तीची गाडी काढावी लागली आणि वरच्या कचेरीत साहेबांना दोनदा बोलणी खावी लागली. विश्रांतीच्या खोलीत शेगडी आली, भांडी आली, आणि सावकाशनं आवारातल्या कामाच्या दिवसांत तिथं रोज काही ना काही शिजवायला सुरुवात केली. पहिले चार दिवस बेचव झालं, तरी लोक रांगेनं जेवले. दोन तुकड्यांची ड्यूटी पुरती बंद झाली नाही. ती आता सलग वर्षभर कोणाला लागत नाही, पाळीपाळीनं लागते. वजनाचं यंत्र फाटकावरून हललं आणि परिचारिकेच्या खोलीत, दाराआड गेलं. तक्त्याच्या जागी भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली. साहेबांनी पहिलं पत्रक रद्द करून दुसरं काढलं. गणवेश सैल करून मिळेल, असं त्यात होतं, आणि त्याची शेवटची ओळ तिच्यासाठी होती. वर्षात दुसऱ्यांदा येणाऱ्याला बाईंनी एकदा आपुलकीनं विचारावं. साहेब स्वतः कागद घेऊन आले आणि जमेल का म्हणाले. ती म्हणाली की जमवेन, पण मला बोलायची सवय नाही. साहेब म्हणाले की मलाही ऐकायची नव्हती.

विचारणं तिला जड गेलं. पहिल्या माणसाला तिनं विचारलं तेव्हा तो रागावून कपडे घेऊन निघून गेला. दुसऱ्यानं हसण्यावारी नेलं. तिसरी सावकाशच्या गाडीवरची वाहकबाई होती, आणि ती अर्धा तास बोलत बसली, मग स्वतःहूनच परिचारिकेकडे गेली. टाचणीबाईला कळलं की शब्दालाही आत थोडी जागा सोडून तो बोलावा लागतो, नाहीतर माणसाला काचतो. थोरलीला तिनं हे फोनवर सांगितलं. थोरली म्हणाली, छापखान्याच्या कार्यालयाला तळमजल्यावर जागा झालीय म्हणे, पुन्हा विचारत होते. मग, असं टाचणीबाईनं विचारलं. बघू, थोरली म्हणाली, आधी खुर्ची बघून येते.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सावकाशला चाक परत दिलं. साखर ताब्यात होती. वजन उतरलं होतं ते फक्त चार किलो, आणि अंगानं तो होता तेवढाच दिसत होता. सोमवारपासून ड्यूटी होती आणि त्याला धड एकही पँट नव्हती, म्हणून शनिवारी दुपारी तो शिवणखोलीत आला. कापड नवीन होतं, तिनं ते मागवून घेतलं होतं. टेप गळ्यात घालून ती त्याच्यासमोर उभी राहिली. हात जरा बाजूला करा, ती म्हणाली.

माप घेताना माणसं श्वास आत ओढून धरतात. जाडी माणसंच नव्हे, सगळीच. टेप कमरेशी आली की पोट आत जातं, खांदे वर येतात, डोळे समोरच्या भिंतीवर खिळतात, आणि त्या दोन क्षणांत माणूस आपण जसा नाही तसा उभा असतो. आजवर ती तेच माप लिहून घ्यायची आणि वरचं स्वतःच्या अंदाजानं धरून चालायची. सावकाशनंही श्वास ओढला. टेप त्याच्याभोवती फिरवायला तिला हात पुरे पडेनात, म्हणून तिला जवळजवळ कवेत घेतल्यासारखं उभं राहावं लागलं, आणि त्याच्या सदऱ्याला विश्रांतीच्या खोलीतल्या शेगडीचा, परतलेल्या कांद्याचा वास येत होता. टेपची दोन्ही टोकं जुळली. तिनं आकडा बघितला नाही.

"सोडा," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्याला वाटलं टेपबद्दल म्हणतेय.

"श्वास सोडा. मला घाई नाहीये."

तो तसाच उभा राहिला, भिंतीकडे बघत. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले, त्याच्याच त्या पद्धतीनं, कोणालाही धक्का न देता, आणि टेप तिच्या बोटांमधून इंच इंच सरकत गेली. ती सरकायची थांबेपर्यंत टाचणीबाई थांबली, आणि मग तिनं माप लिहिलं.